आनुवंशिकता, परिसर आणि दुभती मेंढी : एका शास्त्रीय वाक्याची चिकित्सा

१

पशुविज्ञानाच्या लेखनात एक वाक्य वारंवार भेटते. ‘दुभत्या मेंढ्यांच्या कल्याणावर आनुवंशिकता आणि परिसर या दोहोंचा परिणाम होतो’, असे त्याचे सर्वसाधारण रूप आहे. निबंधांच्या प्रस्तावनेत, अहवालांच्या समारोपात आणि पाठ्यपुस्तकांतील प्रकरणांच्या आरंभी ते इतक्या सहजपणे येते की, त्याचा अर्थ काय असे विचारणेही अनाठायी वाटावे. हे विधान खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे विधान खोटे ठरण्याचा संभवच नाही, त्याने नेमके सांगितले तरी काय, हे पाहणे चिकित्सेचे काम आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नव्हे. तो भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. मेंढीच्या रोगांविषयी तज्ज्ञांना काही नवे सांगावे, असा त्याचा अधिकार नाही. तथापि कोणतेही शास्त्र अखेर वाक्यांतूनच बोलते, आणि वाक्याची घडण विचाराला जसा आधार देते तशीच ती त्याची दिशाही ठरवून टाकते. वरील वाक्यात दोन कर्ते आहेत : आनुवंशिकता व परिसर. त्यांना जोडणारे एक अव्यय आहे. ज्यावर परिणाम व्हावयाचा ते ‘कल्याण’ नावाचे एक अधिष्ठान आहे. या तिन्ही घटकांत एकेक दोष आहे, आणि तिन्ही दोष मिळून एक मोठी गोष्ट दृष्टीआड करतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ती गोष्ट अशी की, दुभत्या मेंढीच्या बाबतीत आनुवंशिकता व परिसर ही दोन्ही निसर्गाची दाने राहिलेली नसून दोन्ही माणसाने केलेल्या निवडी आहेत. वाक्यात मात्र तो माणूस कोठेच नाही.

२

प्रथम ‘आणि’ या अव्ययाचा विचार करू. निसर्ग व संगोपन अशी जोडी फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ साली इंग्रजीत रूढ केली. त्या भाषेत हे दोन शब्द अनुप्रासाने बांधले गेले आहेत, आणि कानाला गोड लागणारी जोडी बुद्धीलाही खरी वाटू लागते, हा भाषेचा जुना धर्म आहे. पुढे १९१८ साली आर. ए. फिशर यांनी एखाद्या समूहातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचे, म्हणजे विचरणाचे, घटक वेगळे काढण्याची गणिती रीत दाखविली. डी. एस. फाल्कनर यांच्या १९६०च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात ती रीत बेरजेच्या रूपाने विद्यार्थ्यांपुढे आली : दृश्य गुण म्हणजे जनुकांचा वाटा अधिक परिसराचा वाटा. मेंढ्यांच्या पैदाशीचे आधुनिक शास्त्र या बेरजेवर उभे आहे, आणि तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही.

दोष उत्पन्न होतो तो ही बेरीज समूहावरून उचलून एका मेंढीवर ठेवली जाते तेव्हा. भाषेतले उदाहरण घेऊ. ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्याचा अर्थ किती टक्के शब्दांमुळे आणि किती टक्के प्रत्ययांमुळे निर्माण झाला, असे कोणी विचारल्यास प्रश्नच चुकीचा आहे, असे आपण म्हणू. शब्द काढले तर प्रत्ययांना अर्थ नाही, प्रत्यय काढले तर कोणी कोणाला मारले ते कळत नाही. मात्र तेच शब्द कायम ठेवून केवळ प्रत्यय बदललेली दहा वाक्ये समोर ठेवली, तर त्यांच्या अर्थातील सारा फरक प्रत्ययांमुळे आहे, असे विधान अगदी अचूक ठरेल. फरकाचे वाटप करता येते. निर्मितीचे वाटप करता येत नाही. विचरणाचे पृथक्करण म्हणजे कारणांचे पृथक्करण नव्हे, हा मुद्दा रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७४ साली स्पष्टपणे मांडला.

मराठीत हा घोटाळा आणखी वाढतो, कारण दोन भिन्न कल्पनांसाठी आपण पुष्कळदा एकच शब्द वापरतो. आईबापांकडून अपत्याकडे गुण संक्रमित होण्याच्या घटनेला आपण ‘आनुवंशिकता’ म्हणतो. आणि एका विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत, दृश्य फरकांपैकी किती हिस्सा जनुकांतील फरकांशी निगडित आहे हे दाखविणाऱ्या गुणोत्तरालाही ‘आनुवंशिकता’च म्हणतो. पहिली घटना आहे, दुसरी मोजणी आहे. हे गुणोत्तर अमेरिकेतील जे. एल. लश यांच्या प्रभावाने पशुपैदाशीच्या शास्त्रात रुळले. समूह बदलला की ते बदलते, आणि जनुके तीच राहून परिसर बदलला तरीही ते बदलते. दुधातील कायपेशींची संख्या हे मेंढीच्या कासेतील दाहाचे मान्य लक्षण आहे. दुभत्या मेंढ्यांत या लक्षणाचे हे गुणोत्तर साधारणतः ०.१० ते ०.२० यांच्या दरम्यान आढळते. ‘कासदाहाची आनुवंशिकता पंधरा टक्के आहे’ असे मराठी वाक्य वाचणारा विद्यार्थी या आकड्याचा अर्थ असा घेतो की, प्रत्येक आजारी मेंढीच्या दुखण्यात पंधरा भाग रक्ताचे व पंचाऐंशी भाग गोठ्याचे. आकड्याने असे काहीही सांगितलेले नसते. ते वाचकाला वाक्याने सांगितले.

तिसरा घटक ‘कल्याण’. हा शब्द मंगल असला तरी या ठिकाणी अडचणीचा आहे. कल्याणकारी राज्य, समाजकल्याण, बालकल्याण या प्रयोगांतून त्याला एक दाता व एक ग्राहक चिकटले आहेत. कल्याण कोणीतरी कोणाचे तरी करतो. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने पाळीव प्राण्यांच्या स्थितीविषयी अहवाल दिल्यानंतर जे शास्त्र वाढले, त्यातील या संकल्पनेचा अर्थ निराळा आहे. डोनाल्ड ब्रूम यांनी १९८६ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा : परिसराशी मिळते घेण्याचा प्रयत्न करीत असताना त्या प्राण्याची जी अवस्था असते ती. म्हणजे परिसर हा या व्याख्येच्या बाहेर उभा राहून आत काही पाठविणारा घटक नाही. तो व्याख्येच्या पोटातच आहे. मिळते घेणारे शरीर जनुकांनी घडलेले, आणि ज्याच्याशी मिळते घ्यावयाचे तो परिसर. ही अवस्था म्हणजे त्या दोहोंमधील संबंध होय. तेव्हा ‘आनुवंशिकता व परिसर यांचा या अवस्थेवर परिणाम होतो’ असे म्हणणे हे ‘नवरा व बायको यांचा त्यांच्या विवाहावर परिणाम होतो’ असे म्हणण्यासारखे आहे. खोटे नाही, पण विवाह ही त्या दोघांहून वेगळी अशी तिसरी वस्तू आहे, असा भास त्यातून होतो.

३

हे विवेचन केवळ शब्दांचे राहू नये म्हणून प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ साली मेंढ्यांच्या सुस्थितीविषयी जे शास्त्रीय मत प्रसिद्ध केले, त्यात प्रौढ माद्यांना भोगाव्या लागणाऱ्या मुख्य त्रासांमध्ये उष्णता-थंडीचा ताण, लंगडणे आणि कासदाह यांची गणना आहे. यांपैकी कासदाह दुभत्या मेंढीला सर्वांत जवळचा. आपल्याकडचे पशुपालक याच दुखण्याला ‘दगडी’ म्हणतात. कास दगडासारखी घट्ट होते हे प्रत्यक्ष हाताने जाणून दिलेले ते नाव आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेस रोकफोर चीजचा प्रदेश आहे. हे चीज लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधापासूनच करावे, असा नामाधिकाराचा नियम आहे. १९६०च्या सुमारास या मेंढीचे एका वेताचे सरासरी दूध सुमारे ८० लिटर होते. शतकाच्या अखेरीस ते २७० लिटरच्या आसपास पोचले. चार दशकांत तिपटीहून अधिक झालेली ही वाढ शास्त्रशुद्ध निवड, कृत्रिम रेतन, सुधारलेला चारा आणि दोहनयंत्र या सर्वांनी मिळून घडविली. फार काळपर्यंत निवडीचे उद्दिष्ट दूध व त्यातील घनपदार्थ एवढेच होते. कासेची ठेवण व कासदाहाचा प्रतिकार या गोष्टी या शतकाच्या पहिल्या दशकात निवडीच्या निकषांत आल्या.

लाकोन मेंढीविषयी फ्रेंच संशोधकांनी दोन महत्त्वाची कामे केली. ला फाज येथील प्रायोगिक प्रक्षेत्रावर त्यांनी दुधातील कायपेशींच्या संख्येच्या आधारे मेंढ्यांच्या दोन शाखा वाढविल्या, एक अधिक संख्येची व दुसरी कमी संख्येची. दोन्ही एकाच कळपात राहिल्या; त्यांचे दोहनही एकाच ठिकाणी होई. अधिक संख्येच्या शाखेत कासेचे संसर्ग अधिक आढळले. जनुकांतील फरक खरा आहे, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. दुसरे काम रॅशेल रुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. शरीरात वाढीच्या संप्रेरकाचा संदेश योग्य वेळी आवरून धरणारे एक प्रथिन आहे. त्याच्या, म्हणजे ‘सॉक्स-२’ या, जनुकातील एका स्थानी झालेल्या बदलामुळे ते काम ढिले पडते. ज्या मेंढ्यांत हा बदल आहे त्यांना कासदाह अधिक होतो. आणि त्याच मेंढ्या अंगाने थोराड असतात व दूधही काहीसे अधिक देतात. लाकोन मेंढ्यांत या विकल्पी जनुकाचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश आढळले.

हे जनुक चांगले की वाईट? प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नात परिसर सांगितलेला नाही. दूध व अंगलोट यांवर निवड होत असताना ते विकल्पी जनुक टिकून राहिले, कारण निवड करणाऱ्याच्या मापात ते चांगले होते. मेंढीच्या कासेच्या मापात ते वाईट होते. परंतु ते माप त्या काळी कोणी लावले नव्हते. ‘लाकोन जातीत कासदाहाची आनुवंशिक प्रवृत्ती आढळते’ या वाक्यात ही सारी हकीकत गडप होते. वाचकाला वाटते की मेंढीने हा दोष पूर्वजांकडून आणला. वस्तुतः पूर्वज कोणते ठेवावयाचे आणि कोणते विकावयाचे, हे ठरविणारा मेंढपाळ, सहकारी संस्था, पैदास-केंद्र व चीज-उद्योग होता. आनुवंशिकता येथे गतकाळातील निर्णयांची नोंदवही झालेली आहे.

कासेच्या ठेवणीची कथाही हेच सांगते. मेंढीच्या कासेत दूध साठविणारी पोकळी पुष्कळदा सडांच्या पातळीखाली उतरते आणि सड बाजूला वळलेले असतात. हाताने दूध काढणारा माणूस कास उचलून धरी व दूध पूर्ण काढी. यंत्राला ते साधत नाही. दूध मागे राहते, पेला निसटतो, कासेला इजा व संसर्ग यांची भीती वाढते. यंत्र आले आणि तीच कास ‘सदोष’ झाली. कासेत काही बदलले नव्हते. पुढे यंत्रास सोयीची कास असलेल्या मेंढ्या निवडण्यात येऊ लागल्या. म्हणजे परिसर बदलला, त्याने जनुकांचे मूल्य बदलले, आणि बदललेल्या मूल्याने पुढील पिढीची जनुके निवडली. या वर्तुळात ‘आणि’ हे अव्यय कोठे ठेवावयाचे, ते सांगणे कठीण आहे.

४

आता विशेषणांकडे पाहू. ‘रोगप्रतिकारक’, ‘काटक’, ‘उत्तम’ ही विशेषणे व्याकरणदृष्ट्या नामापाशी थांबतात. परंतु अर्थदृष्ट्या ती अपुरी आहेत. ‘प्रतिकारक’ म्हटले की कोणाचा, कोठे, अशा दोन आकांक्षा उरतात. त्या न पुरविता विशेषण वापरले की संबंध हा गुण होऊन बसतो.

स्क्रेपी या मज्जासंस्थेच्या प्राणघातक रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हा रोग मेंढ्यांच्या विशिष्ट घराण्यांत वारंवार दिसे. म्हणून तो मूलतः आनुवंशिक आहे, असे मत ऑक्सफर्डचे एच. बी. पॅरी यांनी १९६०च्या दशकात आग्रहाने मांडले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते की तो संसर्गजन्य आहे. पुढे प्रायॉन प्रथिनाच्या जनुकातील १३६, १५४ व १७१ या तीन स्थानांवरील भेद रोगाशी निगडित असल्याचे दिसून आले. एक विकल्प अत्यंत रोगप्रवण, दुसरा प्रतिकारक. पॅरी यांचे म्हणणे खरे ठरले, असे क्षणभर वाटावे. परंतु नोरा हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली असे दाखविले की, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या स्क्रेपीमुक्त देशांतील मेंढ्यांतही तीच रोगप्रवण जनुके आहेत, आणि तरी त्या मेंढ्या निरोगी आयुष्य जगतात. रोगाचा कारक नसेल तर रोगप्रवण जनुक निरुपद्रवी आहे. आणि प्रतिकारक जनुक असेल तर तो कारक बहुधा निष्फळ होतो. या रोगात जनुकांचा वाटा किती, असे विचारल्यास इंग्लंडातील कळपात एक उत्तर मिळेल व न्यूझीलंडातील कळपात दुसरे, आणि दोन्ही बरोबर असतील.

यूरोपीय समुदायाने २००३ साली सदस्य देशांना प्रतिकारक जनुकाच्या पैदाशीचे कार्यक्रम आखण्यास सांगितले, आणि दुभत्या जातींतही ती निवड झाली. त्यामुळे रोगाचा जुना प्रकार बराच हटला, हे मोठे यश आहे. परंतु १९९८ साली नॉर्वेत ओळखला गेलेला स्क्रेपीचा निराळा प्रकार, जुन्या प्रकाराला दाद न देणाऱ्या मेंढ्यांतही आढळतो. ‘प्रतिकारक’ हे विशेषण एका प्रकारापुरते खरे होते. त्याच्यापुढची षष्ठी गाळल्यामुळे ते सर्वांपुरते खरे वाटू लागले.

५

‘उत्तम जात’ या प्रयोगाची परीक्षा उष्ण प्रदेशांत झाली. जर्मनी व हॉलंड यांच्या सागरकाठच्या थंड, ओलसर कुरणांवर वाढलेली पूर्व फ्रीजियन मेंढी ही जगातील अत्यंत दुधाळ जातींपैकी एक. लहान संख्येने, घराजवळ आणि भरपूर चाऱ्यावर ती पाळली जाई. भूमध्यसागराच्या परिसरातील देशांनी दूध वाढविण्यासाठी ती आणली, तेव्हा शुद्ध स्वरूपात तिचा निभाव लागला नाही. उष्णता व श्वसनाचे विकार यांनी ती खचली. इस्राएलमध्ये १९५५ सालापासून तिचा स्थानिक अवासी मेंढीशी संकर करण्यात आला, आणि तीन-अष्टमांश फ्रीजियन व पाच-अष्टमांश अवासी अंश असलेली असाफ ही जात घडविण्यात आली. अवासी ही जाड शेपटीत चरबीचा साठा बाळगणारी, वाळवंटाच्या काठावरची मेंढी. पुढे असाफ १९७०नंतरच्या दशकात स्पेनमध्ये गेली आणि कास्तील प्रांतात तिने चुर्रा या स्थानिक जातीला पुष्कळ ठिकाणी मागे सारले.

येथे वाचकाला वाटेल की, योग्य जात योग्य परिसरात आणली की प्रश्न सुटला. तसेही नाही. सिसिलीतील व्हाले देल बेलिचे जातीच्या दुभत्या मेंढ्यांवरील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात अधिक दुधाची आनुवंशिक क्षमता आणि उष्णता सोसण्याची क्षमता यांच्यात ऋण सहसंबंध दिसून आला. दूध तयार करणारे शरीर उष्णताही निर्माण करते. जितके दूध अधिक तितकी बाहेर टाकावयाची उष्णता अधिक. तेव्हा केवळ दुधावर निवड चालू राहिली, तर हवामान जसेच्या तसे राहूनही मेंढीला ते अधिक उष्ण होत जाईल. तापमापकावरील अंक तोच, परंतु तिचा परिसर वेगळा. परिसर म्हणजे शरीराबाहेरची वस्तुस्थिती, या समजुतीला यामुळे धक्का बसतो. मेंढीचा परिसर काय, हे काही अंशी तिची जनुकेच ठरवितात.

६

महाराष्ट्राशी या विषयाचा एक खराखुरा धागा आहे. मेरिनो मेंढ्यांच्या बुरूला या शाखेत एकाच वेळी अनेक कोकरे होण्याचे सामर्थ्य देणारे ‘फेक-बी’ हे जनुक प्रसिद्ध आहे. त्यातील उत्परिवर्तन २००१ साली निश्चित झाले. सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोल मेंढीत तेच उत्परिवर्तन आहे; अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात नेलेल्या बंगाली मेंढ्यांतून ते तेथे पोचले असावे, असे मानले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल मेंढीच्या द्वारे ते दख्खनी मेंढीत आणले. इस्राएलमध्ये तेच जनुक बुरूलाकडून असाफ मेंढीत आणले गेले. एकच अक्षर दोन भिन्न वाक्यांत लिहिले गेले, असे म्हणता येईल.

त्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. असाफच्या बंदिस्त दुग्ध-कळपात कोकरू जन्मानंतर लवकरच आईपासून दूर होते व पर्यायी दुधावर वाढते. तेथे दुसरे वा तिसरे कोकरू जगणे हे कामगार, दूधभुकटी व गोठ्याची ऊब यांवर अवलंबून असते. दख्खनी मेंढी दुभती म्हणून पाळली जात नाही. तिचे दूध कोकराचे. पर्जन्यछायेच्या प्रदेशातून पावसाळ्यानंतर कोकणाकडे निघालेल्या कळपात दुसरे कोकरू जगते ते आईच्या कासेवर, वाटेत मिळणाऱ्या चाऱ्यावर आणि कोकरांची उसाभर करणाऱ्या धनगर स्त्रियांच्या श्रमावर. जनुकाची एकच प्रत असलेल्या दख्खनी मेंढीला जुळे होते, तिळे क्वचित. मेरिनोत हाच परिणाम अधिक तीव्र असतो. तो येथे सौम्य राहिला हे हिताचेच झाले. दूध व वाढ यांसाठी अवासी अंशाचा उपयोग करण्याचा विचारही फलटणच्या कामात पुढे आला, तो याच गरजेतून : जनुक दोन कोकरे देईल, पण दोघांना पुरेल एवढे दूध कोण देणार?

हा प्रश्न ज्या क्षणी विचारला जातो, त्या क्षणी ‘आनुवंशिकता आणि परिसर’ ही जोडी बाजूला पडते आणि वाक्यात माणसे येतात. जुळे हे मेंढपाळाचे उत्पन्न आहे, आईच्या शरीरावरचा भार आहे, आणि घरातील स्त्रीचे वाढलेले काम आहे. यांपैकी कोणाचे माप लावावयाचे, हे जनुक सांगत नाही आणि माळरानही सांगत नाही.

७

पशुपैदाशीचा अभ्यासक यावर एक रास्त आक्षेप घेईल. तो म्हणेल की, हे सर्व आम्हांला ठाऊक आहे. फाल्कनर यांच्या बेरजेतही जनुक व परिसर यांच्या परस्परक्रियेचे तिसरे पद आहे. आज निवडीचे निर्देशांक अनेक गुणांना एकत्र तोलतात, त्यांत कासेचे आरोग्य आहे, ठेवण आहे. दुधासाठी केलेल्या तीव्र निवडीच्या अनिष्ट परिणामांविषयी तर १९९८ सालापासून सविस्तर समीक्षा उपलब्ध आहेत. मग शब्दांचा हा काथ्याकूट कशासाठी?

आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. पैदासशास्त्राचे आचरण त्याच्या भाषेपेक्षा पुष्कळदा शहाणे असते. ला फाज येथील प्रयोग, निर्देशांकातील बदल, फलटणचा सावध संकर ही सर्व त्याची साक्ष आहे. परंतु शास्त्राची भाषा शास्त्रज्ञांपुरती राहत नाही. ती धोरणाच्या मसुद्यात, विस्तार-अधिकाऱ्याच्या भाषणात आणि वर्गातील टिपणांत उतरते. तेथे परस्परक्रियेचे तिसरे पद गळून पडते आणि दोन कर्ते तेवढे उरतात. मग व्यवहारात पुढील दोहोंपैकी एक घडते. दोष आनुवंशिकतेकडे गेला तर उपाय पुढील पिढ्यांवर ढकलला जातो, आणि आज गोठ्यात उभी असलेली मेंढी तशीच सुजलेल्या कासेने दूध देत राहते. दोष परिसराकडे गेला तर तो मेंढपाळाच्या माथी येतो : त्याचा गोठा अस्वच्छ, त्याचे दोहन निष्काळजी. दुधासाठी जी मेंढी त्याला दिली गेली तिचे शरीर इतके नाजूक कोणी केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दोन्ही वाटांनी निवड करणारा सुटतो.

याला मराठी वाक्यरचना हातभार लावते. ‘निवड करण्यात आली’, ‘उत्पादन वाढविण्यात आले’, ‘जात विकसित करण्यात आली’ अशा कर्मणि रचनांनी आपले शास्त्रीय लेखन भरलेले आहे. प्रस्तुत लेखातही त्या जागोजाग आल्या आहेत, कारण शास्त्रीय गद्याचा तो मान्य शिरस्ता आहे. जेथे कर्ता सर्वांस ठाऊक असतो किंवा अनावश्यक असतो तेथे ही रचना सोयीची आहे. जेथे प्रश्नच मुळी जबाबदारीचा आहे तेथे ती पडदा बनते. मेंढीची सुस्थिती हा जबाबदारीचा प्रश्न आहे. कारण ज्या प्राण्याचा जोडीदार, वेत, चारा, निवारा, दोहनाची वेळ आणि मृत्यू हे सारे माणूस ठरवितो, त्याच्या बाबतीत ‘परिसर’ हा शब्द बहुतांशी ‘आम्ही’ या सर्वनामाऐवजी आलेला असतो, आणि ‘आनुवंशिकता’ हा शब्द ‘आमच्या आधीचे आम्ही’ याऐवजी.

८

एवढ्या चिकित्सेनंतर काही विधायक सूचना करणे योग्य होईल. परिभाषा सभेत ठरत असली तरी वापराने टिकते, म्हणून या सूचना वापरून पाहण्यासाठी आहेत.

पहिली सूचना अशी की, ‘आनुवंशिकता’ हा शब्द संक्रमणाच्या घटनेसाठी राखून ठेवावा आणि मोजणीच्या कल्पनेसाठी ‘अनुवंश-गुणोत्तर’ असा निराळा शब्द योजावा. गुणोत्तर म्हटले की कोणाचे कोणाशी, कोणत्या समूहात, असा प्रश्न आपोआप उपस्थित होतो, आणि तो व्हावा हेच इष्ट आहे. हा आकडा देताना कळप, प्रदेश व काळ यांचा उल्लेख सोबत असावा.

दुसरी सूचना : प्राण्याच्या अवस्थेविषयी बोलताना ‘कल्याण’ऐवजी ‘सुस्थिती’ हा शब्द बरा. त्याला ‘दुःस्थिती’ हा सरळ विरोधी शब्द आहे. ‘कल्याण’ वापरले की वाईट अवस्थेचे वर्णन करताना आपल्याला ‘कल्याणाची पातळी खालावली’ अशी अवघड वाक्ये लिहावी लागतात. ‘कल्याण’ हा शब्द माणसाच्या कर्तव्यासाठी ठेवावा; तेथे तो शोभतो.

तिसरी : ‘प्रतिकारक’, ‘काटक’, ‘उत्तम’, ‘सदोष’ ही विशेषणे त्यांच्या आकांक्षा पुरविल्याविना वापरू नयेत. कशाला प्रतिकारक, कोणत्या उन्हात काटक, कोणाच्या मापाने उत्तम, कोणत्या यंत्राला सदोष, हे लिहावे. वाक्य लांबेल, परंतु ते खरे होईल.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : जेथे निवड घडली तेथे निवडणारा सांगावा. ‘लाकोन मेंढीत कासदाहाची आनुवंशिक प्रवृत्ती आढळते’ याऐवजी ‘रोकफोरच्या उत्पादकांनी दीर्घकाळ दुधावर निवड केली, त्या काळात कासदाहास कारण होणारे एक जनुक त्यांच्या कळपांत टिकून राहिले, पुढे त्यांनीच निकष बदलले’, असे लिहिता येईल. या वाक्यात कोणावर आरोप नाही. उलट चूक दुरुस्त करण्याचे श्रेयही त्यात योग्य व्यक्तींना मिळते. कर्ता नसलेल्या वाक्यात दोष जसा कोणाचाच नसतो, तसे श्रेयही कोणाचेच नसते.

भाषा बदलल्याने एखाद्या मेंढीची सूज उतरणार नाही, हे उघड आहे. ती दोहनाच्या वेळी कासेला लागणाऱ्या हाताने, यंत्राच्या दाबाने, निवडीच्या वहीतील नव्या रकान्याने उतरेल. परंतु त्या वहीत कोणता रकाना असावा, याची चर्चा भाषेतच होते, आणि त्या चर्चेत मेंढीला स्वतःचे माप मांडता येत नाही. ते तिच्या वतीने मांडणाऱ्याने निदान एवढी दक्षता घ्यावी की, आपण केलेल्या गोष्टींचे कर्तृत्व निसर्गाच्या नावावर लिहिले जाणार नाही.